चीफ: दूध वाढवणारा वळू आणि न जन्मलेली वासरे

पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा होल्स्टीन या काळ्या-पांढऱ्या दुधाळ जातीचा वळू १९६२ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध देतात हे नोंदींवरून दिसू लागले आणि कृत्रिम रेतनाच्या बाजारात त्याच्या वीर्याला मोठी मागणी आली. पुढे त्याला सुमारे १६,००० मुली झाल्या, ५ लाख नाती झाल्या आणि २० लाखांहून अधिक पणत्या. आजच्या होल्स्टीन गाईंच्या जनुकसंचातला सुमारे १४ टक्के भाग या एकाच वळूकडून आलेला आहे. पशुपैदाशीच्या इतिहासात एवढा ठसा उमटवणारी जनावरे फार थोडी.

त्याच्याकडून आणखी एक गोष्ट पुढे गेली, ती म्हणजे एका जनुकातला बिघाड. या बिघाडाची एक प्रत घेऊन जगणारी गाय निरोगी असते, माजावर येते, दूध देते, तिच्यात काही वावगे दिसत नाही. मात्र आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती ज्या गर्भाला मिळतात, तो गर्भ पोटातच मरतो. हे उघड व्हायला चीफच्या जन्मापासून जवळपास अर्धे शतक लागले.

जात, दूध आणि आरोग्य हे सहसा तीन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. जात निवडायची दुधासाठी, आरोग्य सांभाळायचे लसीने आणि औषधाने. चीफच्या प्रकरणात ही वाटणी टिकत नाही. माझे ठाम मत आहे की गाय कोणत्या वळूची आणि तिला कोणत्या वळूचे रेतन केले, ही नोंद लसीकरणाच्या नोंदीइतकीच आरोग्याची नोंद आहे.

एक वळू एवढा पसरला कसा

नैसर्गिक पैदाशीत वळू कितीही चांगला असला तरी तो वर्षाला मोजक्याच गाई भरवू शकतो. त्याच्यात काही दोष असला तर तो दोषही आसपासच्या कळपांपुरता राहतो. विसाव्या शतकाच्या मध्याला ग्लिसरॉल मिसळून वीर्य गोठवण्याची पद्धत सापडली आणि ही मर्यादा उरली नाही. एका वेळच्या वीर्यापासून शेकडो मात्रा तयार होतात, त्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकतात आणि कुठेही पाठवता येतात. वळू मेल्यानंतरही त्याची वासरे जन्मत राहतात.

याच तंत्राने दुधाचे चित्र पालटले. १९४४ साली अमेरिकेत सुमारे २ कोटी ५६ लाख दुभत्या गाई मिळून सुमारे ५,३०० कोटी किलो दूध देत होत्या. २००७ साली गाई उरल्या फक्त ९२ लाख आणि दूध झाले सुमारे ८,४०० कोटी किलो. चारा, व्यवस्थापन, दूधयंत्रे या सगळ्यांचा यात वाटा आहे, पण पैदाशीचा वाटाही फार मोठा आहे.

निवड मात्र एकांगी होती. दूध मोजता येते, रोज मोजता येते आणि त्याची आनुवंशिकता चांगली आहे. गाईगाईंमधल्या दुधाच्या फरकाचा साधारण पंचवीस ते तीस टक्के भाग वंशातून येतो. गाभण राहण्याच्या क्षमतेत हाच वाटा जेमतेम ४ टक्के. उरलेला फरक हवामान, खुराक, माज ओळखणाऱ्या माणसाची नजर आणि रेतनाची वेळ यांतून पडतो. त्यामुळे गाभण राहणे हा वंशाचा विषयच नाही असे बरीच वर्षे धरले गेले. वळूच्या मुली किती सहज गाभण राहतात याचे अधिकृत मूल्यमापन अमेरिकेत २००३ साली सुरू झाले. तोवर चीफच्या पणत्यांच्याही मुली दूध देऊ लागल्या होत्या.

त्यात वंशाचा पाया अरुंद. उत्तर अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या होल्स्टीन वळूंची बापाकडची रेषा मागे नेली, तर ती दोनच वळूंपाशी पोचते. एक चीफ आणि दुसरा १९६५ साली जन्मलेला राउंड ओक रॅग ॲपल एलिव्हेशन. जगभर काळ्या-पांढऱ्या गाई कोट्यवधी दिसतात, पण वंशाच्या हिशेबाने हे कुटुंब लहान आहे. लहान कुटुंबात एकच दोष आईकडून आणि बापाकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते.

दोष नेमका कुठे होता

पाचव्या गुणसूत्रावर ॲपाफ-१ नावाचे जनुक आहे. शरीर घडताना नको असलेल्या पेशी ठरल्या वेळी मराव्या लागतात. बोटांमधली पेशींची पडदी विरली नाही तर बोटे सुटी होत नाहीत. वाढत्या मेंदूतल्या जादा पेशी गेल्या नाहीत तर मेंदूची घडण बिघडते. पेशी मरण्याची ही आज्ञा पोचवणाऱ्या साखळीत ॲपाफ-१ प्रथिन मधली कडी आहे. चीफच्या एका प्रतीत हे प्रथिन अर्ध्यावरच तुटेल असा बदल झाला होता. निम्मे प्रथिन कामाचे नसते. उंदरांमध्ये हे जनुक बंद केल्यावर त्यांचे गर्भ मेंदू आणि चेहऱ्याच्या विकृतींसह मरतात, हे आधीच माहीत होते.

चीफकडे बिघडलेली एक प्रत होती आणि चांगलीही एक होती. म्हणून तो स्वतः धडधाकट होता. त्याच्या अपत्यांपैकी साधारण निम्म्यांना चांगली प्रत मिळाली आणि निम्म्यांना बिघडलेली. ही निम्मी अपत्येही ठणठणीत होती. आपण त्यांना वाहक म्हणू. वाहक गाईला वाहक वळूचे रेतन झाले की दर चार गर्भांत सरासरी एकाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतात आणि तो जगत नाही. दोन वाहक होतात आणि एक पूर्ण निर्दोष.

गोठ्यात हे का दिसले नाही

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

गाभ गेला की तो दिसतोच असे नाही. गाईचे माजचक्र साधारण २१ दिवसांचे. गर्भाकडून आईच्या शरीराला सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास खूण मिळते आणि पुढचा माज थांबतो. त्याआधी गर्भ मेला तर गाय वेळेवर पुन्हा माजावर येते आणि आपण म्हणतो, गाय उलटली, रेतन लागले नाही. त्यानंतर मेला तर ती तीस, चाळीस दिवसांनी माजावर येते आणि आपण म्हणतो, मधला माज मुका गेला असेल. लहान गर्भ शरीरात विरघळतो किंवा कुरणात, शेणात कुठेतरी पडून जातो. हातात पुरावा काहीच येत नाही.

चीफच्या दोषात गाभ फक्त पहिल्या काही आठवड्यांत जातो असेही नाही. काही गर्भ गाभणपणाचे काही महिने उलटल्यावर जातात. गोठ्याच्या दृष्टीने हे जास्त महागात पडते. दीड-दोन महिन्यांनी हात घालून तपासणी झाली, गाय गाभण ठरली, वहीत तशी नोंद झाली आणि मग कोणी पुन्हा पाहिलेच नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात पोट वाढत नाही म्हणून शंका येते. तपासले तर गाय रिकामी. एव्हाना तिचे दूध उतरलेले, पुढचे वेत कित्येक महिने लांबलेले आणि विकायला काढण्याच्या यादीत तिचे नाव आलेले. त्या गाईत दोष नव्हता. तिच्या पोटातल्या त्या एका गर्भात होता. दुसऱ्या वळूने ती आणखी पाच वेते सहज व्याली असती. अशा किती चांगल्या गाई वांझ म्हणून कळपातून गेल्या असतील, हा विचार मला या प्रकरणात सर्वांत जास्त छळतो.

शिवाय संशय घ्यायला कारणे भरपूर असतात. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत खाते त्यापेक्षा जास्त ऊर्जा दुधातून देते, अंगावरची चरबी वापरते आणि नेमके याच काळात तिने पुन्हा गाभण राहावे अशी आपली अपेक्षा असते. उष्णतेचा ताण असतो, गर्भाशयाचा दाह असतो, खनिजांची कमतरता असते, रेतनाची वेळ चुकलेली असते. शंभर रेतनांतली साठ-सत्तर वाया जातात असे कळप सर्रास आढळतात. त्यांत आणखी एक-दोन वाया गेली तर कोणाच्या लक्षात येणार?

हे प्रमाण आकड्यांत मांडून पाहा. शंभर गाईंच्या कळपात पाच वाहक आहेत आणि त्या सगळ्या कळपाला एकच वाहक वळू वापरला. सगळ्या गाभण राहिल्या असे धरले तर त्या पाचांच्या गर्भांपैकी सरासरी सव्वा गर्भ मरेल. शंभरात एक. तो कोणालाही दिसणार नाही. आता दुसरा कळप घ्या. तिथल्या शंभरही गाई आधीच्या एका वाहक वळूच्या मुली आहेत, कारण त्या वळूच्या मुलींचे दूध आवडले म्हणून मालकाने सलग त्याचेच रेतन केले. तिथे पन्नास गाई वाहक असतील आणि पहिल्या कळपातलाच वळू वापरला तर, तेवढ्याच गाईंत, बारा-तेरा गर्भ जातील. वळू तोच असला तरी एका गोठ्यात तो निर्धोक आहे आणि दुसऱ्यात दर आठ गर्भांपैकी एक घेऊन जातो. म्हणून एका मालकाने दुसऱ्याला विचारले, ‘या वळूचा अनुभव कसा?’, तर दोघांची उत्तरे वेगळी येतील आणि दोन्ही खरी असतील.

नसलेल्या जनावरांची मोजणी

एका गोठ्यातून न दिसणारी गोष्ट अखेर लाखो नोंदी एकत्र ठेवल्यावर दिसली. २००९ साली गाईचा संपूर्ण जीनोम, म्हणजे जनुकसंच, प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास हजारो जनावरांच्या डीएनएवरील खुणा एकाच वेळी वाचणाऱ्या चिप गोपैदाशीत रुळल्या. हेतू होता लहान वयातच चांगले वळू ओळखण्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पॉल व्हॅनरेडन आणि त्यांचे सहकारी यांनी हीच माहिती उलट बाजूने तपासली. उत्तर अमेरिकेतल्या ५८ हजारांहून अधिक होल्स्टीन, ५ हजारांहून अधिक जर्सी आणि सुमारे २ हजार ब्राउन स्विस जनावरांच्या नोंदी त्यांच्यापुढे होत्या.

प्रश्न साधा होता. डीएनएचा एखादा तुकडा कळपात पुरेसा आढळत असेल, तर काही जनावरांकडे त्याच्या दोन प्रती असायलाच हव्यात. किती, हे गणिताने सांगता येते. मग असा एखादा तुकडा आहे का, ज्याच्या दोन प्रती असलेली जनावरे अपेक्षित असूनही एकही सापडत नाही? असे अकरा तुकडे मिळाले. काहींबाबत ७ जनावरे अपेक्षित होती, काहींबाबत ९० पर्यंत, आणि प्रत्यक्षात सगळीकडे शून्य. आजारी वासरू किंवा मृत गर्भ न तपासता, केवळ जिवंत आणि निरोगी जनावरांच्या नोंदींतून, जी जनावरे जन्मलीच नाहीत त्यांचा माग लागला. विचारांची ही झेप मला फार मोलाची वाटते.

गणिताचा संशय गोठ्यातल्या नोंदींवर पारखायचा होता. होल्स्टीनच्या जवळपास दीड कोटी रेतन-नोंदी पाहिल्या गेल्या. वाहक वळूचे रेतन वाहक वळूच्या मुलीला झाले होते, तिथे गाभण राहण्याचे प्रमाण ३ ते ३.७ टक्क्यांनी घसरलेले दिसले. अकरापैकी पाच तुकड्यांबाबत हा परिणाम पक्का ठरला. तीन होल्स्टीनमध्ये, एक जर्सीत, एक ब्राउन स्विसमध्ये. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. होल्स्टीनमधल्या पहिल्याला एचएच-१ असे नाव मिळाले आणि त्याची वंशावळ मागे नेल्यावर ती चीफपाशी थांबली. जर्सीतला दोष तर होल्स्टीनपेक्षा कितीतरी जास्त पसरलेला निघाला. त्याचे वाहक बरीच वर्षे २० टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे हा एका जातीचा कलंक नाही. मोजके वळू जिथे पिढ्यानपिढ्या वापरले जातात, तिथे प्रत्येक जातीत हे घडते.

चीफ आणि त्याच्या मुलांचा जीनोम वाचून हॅरिस लेविन आणि सहकाऱ्यांनी ॲपाफ-१ मधला नेमका बदल शोधला. नंतर जवळपास अडीच लाख होल्स्टीन जनावरे तपासली गेली. त्यांत हजारो वाहक मिळाले, पण दोन्ही प्रती बिघडलेले जनावर एकही मिळाले नाही. २०१६ साली हे निष्कर्ष छापून आले.

लक्षात घ्यावे की ज्या दीड कोटी नोंदींवर हे सगळे उभे राहिले, त्या कोणी प्रयोगशाळेत तयार केल्या नव्हत्या. गोठ्यागोठ्यात कोणीतरी गाईचा क्रमांक, वळूचे नाव आणि रेतनाची तारीख लिहून ठेवली होती.

हिशेब आणि त्यावरचा माझा आक्षेप

संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे या एका बदलामुळे ३५ वर्षांत जगभरात सुमारे ५ लाख २५ हजार गर्भ गेले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाले. त्याच काळात चीफच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाची किंमत सुमारे ३,००० कोटी डॉलर धरली जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ जण म्हणतात, फायदा सत्तरपट आहे, मग तक्रार कसली?

मला हा युक्तिवाद पटत नाही. दूध वाढवणारी चीफची जनुके अनेक गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत आणि हा बिघाड पाचव्या गुणसूत्रावर एकाच जागी आहे. त्याच्या निम्म्या अपत्यांना तो मिळालाच नव्हता. म्हणजे तपासणी हाताशी असती तर सगळे दूध ठेवून हा तोटा टाळता आला असता. शिवाय फायदा सगळ्यांत वाटला गेला, तोटा मात्र ज्याच्या गाई सारख्या उलटत राहिल्या त्या मालकाच्या एकट्याच्या वाट्याला आला, आणि कारण न कळल्याने त्याने बहुधा स्वतःच्या व्यवस्थापनाला दोष दिला.

हे पहिल्यांदा घडत होते असेही नाही. ऑस्बॉर्नडेल आयव्हॅनहो या १९५२ सालच्या वळूच्या वंशातून ब्लॅड नावाचा दोष पसरला होता. त्यात वासराच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जंतूंपर्यंत पोचू शकत नाहीत. वासराला वारंवार न्यूमोनिया, हगवण, तोंडातले व्रण होतात आणि ते लहानपणीच दगावते. त्याच वंशातल्या कार्लिन-एम आयव्हॅनहो बेलकडून मणक्यांच्या विकृतीचा दोष आला. बेलही उत्तम दुधाचाच वळू होता. ब्लॅडची चाचणी १९९० च्या दशकात आली, वाहक वळू जाहीर झाले आणि हा दोष थोड्या वर्षांत जवळजवळ हद्दपार झाला. उपाय चालतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

वंशाला दोष देण्याआधी

हे प्रकरण वाचून कोणी प्रत्येक गाभडण्याचे खापर वळूवर फोडू नये. गाभ जाण्याची संसर्गजन्य कारणे अधिक तातडीची असतात. ब्रुसेलोसिसमध्ये गाय सहसा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, जार अडकतो आणि हा रोग माणसालाही होतो. म्हणून पडलेला गर्भ, जार किंवा स्राव उघड्या हाताने कधीही उचलू नये. हातमोजे घालावेत, त्या गाईला वेगळे बांधावे, नमुना पशुवैद्याकडे द्यावा आणि उरलेले चुना टाकून खोल पुरावे. लेप्टोस्पायरोसिस, निओस्पोरा, विषाणूजन्य अतिसार हेही तपासून घ्यावे लागतात. थोड्या दिवसांत पाठोपाठ गाई गाभडल्या तर आधी संसर्गच धरावा.

वंशदोषाची चाल निराळी असते. साथ नसते, ताप नसतो, गाई तब्येतीने चांगल्या असतात, माज नियमित असतो. ठरावीक वळूचे रेतन झालेल्या, ठरावीक वळूच्या मुलींमध्येच गाभ टिकत नाही. हे ओळखायला एकच साधन आहे: प्रत्येक रेतनापुढे कांडीवरचे (गोठवलेल्या वीर्याच्या नळीवरचे) वळूचे नाव किंवा क्रमांक आणि गाईचा बाप लिहिलेला असणे. ‘एचएफ भरली’ (म्हणजे होल्स्टीन वळूचे रेतन केले) एवढीच नोंद असेल तर पशुवैद्यही काही सांगू शकत नाही.

तपासणी एकदाच करून थांबू नये, हेही चीफच्या प्रकरणातून थेट निघते. सोनोग्राफीने महिन्याभरात किंवा हाताने दीड-दोन महिन्यांत गाभण ठरलेली गाय तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पुन्हा तपासावी आणि आटवण्याआधी आणखी एकदा. मधल्या काळात गेलेला गाभ लवकर कळला तर गाईचे वर्ष वाया जात नाही.

जोडी ठरवताना

वाहक वळू बाद करायचा का? माझे उत्तर आहे, बहुतेक वेळा नाही. चांगल्या वंशाचा वळू एका सुप्त दोषासाठी फेकून दिला तर आधीच अरुंद असलेला पाया आणखी आक्रसतो, आणि प्रत्येक वळू कुठल्या ना कुठल्या सुप्त दोषाचा वाहक असतोच. टाळायची ती जोडी. वाहक वळू निर्दोष गाईला वापरला तर एकही गर्भ या कारणाने मरत नाही. गाईची चाचणी नसेल तर तिचा बाप आणि आईचा बाप पाहावा. त्यांतला एखादा वाहक असेल तर तिच्यासाठी चाचणीत निर्दोष ठरलेला वळू निवडावा. वीर्याच्या सूचीत ही माहिती छापलेली असते. होल्स्टीनमध्ये नावापुढे टीएल असेल तर वळू ब्लॅडपासून मुक्त आणि बीएल असेल तर वाहक. टीव्ही आणि सीव्ही ही तशीच खूण मणक्यांच्या दोषासाठी. एचएच-१ पुढे टी म्हणजे मुक्त, सी म्हणजे वाहक. कांडी देणाऱ्याकडे ही सूची मागावी.

संकरित गाईंच्या मालकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. देशी गाईला वाहक होल्स्टीन वळूचे रेतन झाले तर पहिल्या पिढीत धोका नाही, कारण दुसरी प्रत देशी आईकडून चांगलीच येते. पण त्या पिढीतल्या निम्म्या कालवडी वाहक असतात. दूध आणखी वाढावे म्हणून त्यांना पुन्हा होल्स्टीन वळू भरवला आणि तोही वाहक निघाला, तर चारात एक गर्भ जाण्याचा हिशेब तिथून सुरू होतो. संकर केला म्हणजे वंशदोष संपला, हा समज पहिल्या पिढीपुरताच खरा आहे. दुसऱ्या पिढीची कांडी निवडताना कालवडीच्या बापाचे नाव समोर असायला हवे, आणि ते तिच्या जन्माच्या दिवशीच वहीत गेलेले असेल तर शोधाशोध करावी लागत नाही.